दुसऱ्यांदा काढलेली चिठ्ठी

नवा जुगार कायदा लागू झाला त्या सुमारास मी लंडनच्या उत्तरेला एका कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागात होतो. पब आणि टॅक्सी यांच्या जोडीला चर्च, शाळा, हॉस्पिस यांच्या मदतीसाठी निघणाऱ्या सोडतीही आमच्याकडे असत. संस्थेने नोंदणी करायची, सगळी तिकिटं एकाच किमतीला विकायची, लहान मुलांना विकायची नाहीत आणि सोडतीनंतर हिशेब पाठवायचा. चिठ्ठी प्रामाणिकपणे निघाली पाहिजे हे तर न लिहिताही सगळे धरून चालत.

आमच्या मराठी मंडळाची नोंदणीही आमच्याच ऑफिसात होती. ती फाइल मी हाताळत नसे, पण मी त्या मंडळातला आहे हे ऑफिसात ठाऊक होतं. मंडळात माझी चेष्टा चाले. हॉलमध्ये शिरलो की कुणीतरी ओरडायचं, "आले कौन्सिल! लपवा रे तिकिटं!"

त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमाआधी अध्यक्षांचा फोन आला.

"हे बघ, रॅफलची चिठ्ठी काढताना तू स्टेजजवळ येऊ नकोस. किचनमध्ये चहा पी."

"का?"

"विचारू नकोस म्हणूनच सांगतोय."

न विचारताही मला समजलं. मंडळात एक ताई होत्या, शाळेत मुलांना जेवण वाढणाऱ्या, डिनर लेडीचं काम करणाऱ्या. नवरा गेलेला, मुलगा शिकत होता. सांगलीला त्यांची आई अंथरुणाला खिळली होती आणि विमानभाड्याची सोय होत नव्हती. मंडळाने वर्गणी काढायचं म्हटलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "माझ्यासाठी डबा फिरवायचा नाही. फिरवलात तर मी परत इथे पाऊल टाकणार नाही." आणि या वर्षी वेम्बलीच्या एका ट्रॅव्हल एजंटाने पहिलं बक्षीस म्हणून मुंबईचं रिटर्न तिकीट दिलं होतं.

मी किचनमध्येच थांबलो. तिथल्या खिडकीतून स्टेज दिसत होतं. अध्यक्षांनी चिठ्ठ्यांच्या बादलीत हात घातला, नको तितका वेळ ढवळला आणि मूठ बंदच बाहेर काढली. नंबर वाचला, ताईंचा. ताईंनी एकच तिकीट घेतलं होतं, तेही मागे लागल्यावर. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. जरा जास्तच जोरात. त्या टाळ्यांनीच ताईंना संशय आला असावा, असं मला वाटतं.

ताई स्टेजवर न जाता किचनमध्ये आल्या. मी कप विसळत होतो.

"तुम्ही ऑफिसात हेच बघता ना?"

"हो."

"मग ऑफिसातला माणूस म्हणून सांगा. ही चिठ्ठी खरी निघाली का?"

"ताई, अहो, आई वाट बघतेय. जाऊन या."

"ते मी नाही विचारलं."

मी नुसतं "हो" म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. नळ चालू होता, तो मी बंद केला नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मी कपाकडे. मग त्यांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन माइकवर सांगितलं की मला नको, परत काढा. अध्यक्षांनी थट्टेवारी नेऊन बघितलं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी समोरच्या एका छोट्या मुलीने चिठ्ठी काढली. बक्षीस स्लाऊच्या एका जोडप्याला लागलं. त्यांची डिसेंबरची तिकिटं आधीच काढलेली होती. "आता उन्हाळ्यातही जाऊ," असं ते हसत म्हणाले. त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

संक्रांतीच्या आधीच ताईंची आई गेली.

भेटायला मी बायकोबरोबर ताईंच्या घरी गेलो. खोलीत बरीच माणसं होती. ताईंनी माझी एका पाहुण्यांशी ओळख करून दिली, "हे आमचे कौन्सिलवाले. यांनी माझ्याशी खोटं बोलायचं टाळलं. बाकी सगळ्यांनी माझी कीव केली हो, यांनी नाही केली." पाहुण्यांनी आदराने माझ्याकडे पाहिलं आणि मला चहा दिला. मी तो प्यायलो.

तत्त्व वगैरे माझ्या मनात नव्हतं. नळाखाली हात धरून मी एवढाच विचार करत होतो की उद्या ही बाई कुठे बोलली, "कौन्सिलच्या माणसानेच हो म्हटलं", तर माझ्या नोकरीचं काय? खोटी चिठ्ठी निघणार हे मला आधीपासून माहीत होतं. तेव्हाही मी गप्पच होतो. दोन्ही वेळा स्वतःसाठी.

झोप लागता लागता अजूनही पाण्याचा आवाज येतो. बायको म्हणते, नळ बंद आहे, मी बघून आले.

ताई अजून कार्यक्रमांना येतात. मंडळात कुणी नवीन आलं की मला हाक मारून बोलावतात आणि तीच ओळख करून देतात. मी हात जोडतो आणि त्यांना बोलू देतो.