मुठीवरची लाल बोटं

साडू असावा तर दूर असावा. माझा तसा होता, अकोल्याला, ऑफिसात नोकरीला. दिवाळीला सासुरवाडीत भेट व्हायची, चार गोष्टी व्हायच्या, बरं चाललं होतं. मग तो रिटायर झाला आणि मोर्शीकडच्या आमच्या गावात संत्र्याचा बगीचा घेऊन माझ्या घरासमोरच घर बांधून बसला. माझी बायको थोरली, त्याची धाकटी. दोघी बहिणी खूश. मला कोणी विचारलं नाही.

तोवर आमच्या गावात रामनवमीच्या झाकीतलं धनुष्य म्हणजे मी. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली, तीही अर्धी ढोरांमागं. पण धनुष्य माझ्यासारखं कोणी करत नव्हतं, हे मी कोणालाही तोंडावर सांगतो. लाकूड धामणीचं. जुन्या कावडीची काठी मिळाली तर उत्तमच, ती आधीच वाकायला शिकलेली असते. तासायची, वाकवायची, फुटक्या काचेनं घासून गुळगुळीत करायची. ट्रॅक्टरवर झाकी निघाली की लोक रामाला हात जोडायचे आणि मी धनुष्य पाहायचो. रामाचं एक, लक्ष्मणाचं एक, दोन्ही माझीच.

साडू आला आणि पहिल्याच वर्षी मंडळाच्या पोरांना म्हणाला, "एखादं मी करून पाहू काय?" पोरांनी त्याला लक्ष्मणाचं दिलं. म्हटलं, द्या. लक्ष्मण धाकटाच, साडूही धाकटाच. मी माझ्या धनुष्याला नेहमीसारखा डब्यातला ऑइल पेंट दिला, वरून सोनेरी बेगड. त्यानं म्हणे पळसाच्या फुलांचा रंग काढला.

त्या वर्षी माझा पेंट वाळलाच नाही. भर रस्त्यात रामाच्या पितांबराला तांबडे पट्टे उठले. पोरांनी ट्रॅक्टर थांबवला आणि सगळ्यांसमोर धनुष्यं बदलली. साडूचं रामाच्या हाती गेलं. माझं लक्ष्मणाच्या हाती, तेही मुठीला वर्तमानपत्र गुंडाळून.

ते वर्तमानपत्र मी वर्षभर विसरलो नाही. साडू मात्र सांगत फिरला, "झाडाचा रंग हाये भाऊ, कपड्याले लागत नाही." त्याच्या धनुष्याचा फोटो माझ्या बायकोच्या मोबाइलमध्येसुद्धा होता.

यंदा पळस फुलला तसा मी पोतंभर फुलं आणून अंगणात ओतली.

"काहून, पेंटचा डबा सरला काय?" बायको म्हणाली.

"पेंट देनं हे काय कलेचं काम हाये? तू गंजात पानी ठेव चुलीवर."

"मागच्या साली तर लय कलेचं होतं!"

फुलं उकळली, रंग गाळला, लाकडाला दिला. चढला असा की जास्त दुधाचा चहा सांडावा. पुन्हा दिला, पुन्हा तसाच. समोर साडूच्या ओसरीत त्याचं यंदाचं धनुष्य टांगलेलं होतं. केशरी रंग असा भरला होता की सकाळी दार उघडलं की आधी तोच डोळ्यांत शिरायचा. मी दार उघडायचं सोडलं, मागच्या दारानं जाऊ लागलो. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही.

शेवटी बायकोच म्हणाली, "आधी हिरड्याच्या पान्यात तुरटी टाकून लाकूड भिजवा. मंग रंग धरते."

"तुले कोनं सांगतलं?"

"आईनं. लुगडे रंगवे ना ते. धाकटीलेही तिनंच सांगतलं, अन् धाकटीनं जवाईबापूले."

म्हणजे साडूची सगळी हुशारी माझ्याच सासूच्या चुलीवरची! "मले इतक्या वर्षांत काहून नाही सांगतलं?"

"तुमी कधी विचारलं?"

मी हिरडा कुटायला घेतला. लाकूड भिजवलं. रंग धरला. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात मुरवले, त्यात हिरडा घातला, त्याचा काळा रंग झाला. त्या काळ्याचे पट्टे दोन्ही टोकांना ओढले. मुठीला मात्र मी हळद दिली, दाट, सारखी सारखी, बेगड झक मारेल अशी पिवळी. आता जवसाचं तेल चोळलं की काम झालं. हळद उन्हात उडते, म्हणून धनुष्य कोठ्यात म्हशीजवळ सावलीला टांगलं आणि मी तेल आणायला घाण्यावर गेलो.

परत येऊन पाहतो तर मुठीवर लाल बोटं. इकडून चार, तिकडून अंगठा. कुंकवात बुडवून उमटवावी तशी.

"कोन आलतं?" मी ओरडलो.

"जवाईबापू. तुमी घरी नाही म्हनलं तं म्हने, म्हैस पाहून येतो." बायको येऊन वाकली, पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. "चुना हाये हा! नवरा-नवरीवरून लाल पानी ओवाळून टाकतो, ते कशाचं असते? हळद अन् चुन्याचंच ना?"

आमच्या घरात तंबाखू कोणी खात नाही. साडूनंही सोडली होती. अकोल्याच्या डॉक्टरनं भेव दाखवलं तेव्हा त्यानं बायकोच्या, म्हणजे माझ्या साळीच्या, गळ्याची शपथ घेतली होती आणि तेव्हापासून पारावर बसून गावाला तंबाखू सोडायला सांगत होता.

मी ती बोटं पाहत राहिलो. नुसती लागलेली नव्हती. मूठ आवळलेली होती, अंगठा रोवलेला होता. म्हणजे त्यानं ते उचललं, धरलं, दोरी ओढून पाहिली. ज्याला आपलंच भारी वाटतं, तो म्हशीचं निमित्त काढून दुसऱ्याचं ओढून पाहायला जात नाही. जळणारा मी एकटाच नव्हतो तर! त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

"लिंबू फिरवा, पिवळं होते पुन्हा," बायकोनं लिंबू कापून आणलं. म्हटलं, "सरबत कर त्याचं." आणि बोटांवरूनच जवसाचं तेल चोळलं.

यंदा रामाला कोणाचं द्यायचं, त्या निवडीला पोरांनी मारुतीच्या देवळात दोन्ही धनुष्यं मांडली. साडूनं त्याच्या धनुष्यावर काळ्या रंगात पानांची वेल काढली होती, काडीनं, पान न् पान वेगळं. चांगली होती. हे मी इथं लिहितो, बोलणार नाही. सगळ्यांच्या माना तिकडेच वळल्या. मग मी म्हणालो, "थांबा. माह्या मुठीवर बोटं हायेत. ती ज्याच्या हाताले बसतीन, त्यानंच सांगाचं का रामाच्या हाती कोनाचं द्याचं." आणि साडूकडे पाहिलं.

साळी बायकांत बसलेली होती. साडूनं बोटं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा उजवा हात हळूच खिशात गेला.

"मोठ्या भाऊचंच द्या रामाले," तो म्हणाला. "मान त्यायचा हाये."

"पाहा बरं, किती मोठं मन!" साळी म्हणाली, आणि साऱ्या बायकांनी माना हलवल्या. जिंकलो मी, आणि मोठं मन त्याचं झालं.

झाकी निघाली. माझं धनुष्य रामाच्या हाती, कागद न गुंडाळता. लोक मोबाइल काढून जवळ येत. पट्टे कोणी पाहिले नाहीत, केशरी रंग कोणी पाहिला नाही. जो तो म्हणे, "ते लाल पंज्याचं डिझाइन पाह्य!" शाळेतल्या बाईंनी तर मला गाठून विचारलं, "काका, हे बोटांचं कसं काढलं हो?"

साडू बाजूलाच उभा. "सांगा न भाऊ," म्हणाला, मिशीत हसत.

मी सांगितलं तर हात त्याचा निघतो. त्यानं सांगितलं तर तंबाखू निघते. "घरची रीत आहे," मी म्हणालो.

आता ते माझ्या ओसरीत टांगलेलं असतं. साडू चहाला येतो आणि बरोबर त्याच्याखाली बसतो. परवा म्हणाला, "पुसून टाका न ते भाऊ. लिंबानं जाते."

"तेल बसलं आता," मी म्हटलं.

तो गेल्यावर दार लोटलं, धनुष्य खाली काढलं आणि त्या बोटांवर माझी बोटं ठेवून पाहिली. चार बसतात. अंगठा बसत नाही. त्याचा माझ्यापेक्षा लांब आहे. धनुष्याला तसाच लागतो.