कूलरचे चोवीस बोल्ट

नोटीस बोर्डावर आपलं नाव दिसलं तेव्हा कमलाकांत तामोरेला वाटलं, काहीतरी चौकशी लागली.

तारापूर एमआयडीसीतल्या रसायनांच्या एका कारखान्यात तो अठ्ठावीस वर्षं फिटर होता. एवढ्या वर्षांत बोर्डावर त्याचं नाव दोनदाच लागलं होतं, दोन्ही वेळा रजा जास्त झाली म्हणून. आताच्या नोटिशीवर मात्र लिहिलं होतं, ‘प्रकल्प व्यवस्थापनाची मूलतत्त्वे, सहा शनिवार, दुपारी दोन ते चार’. खाली सात नावं होती आणि त्याचं तिसरं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या माणसाला कंपनी उगाच काही शिकवत नाही, हे त्याने तिथेच ठरवून टाकलं.

बेटेगावचा केदार कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, कमलाकांतचा जुना सोबती. कॅन्टीनमध्ये त्याने आवाज खाली करून सांगितलं की दुसऱ्या एका कारखान्यात असंच झालं होतं. आधी जुन्या माणसांकडून सगळं कागदावर उतरवून घेतलं, आणि वर्ष व्हायच्या आत ते काम ठेकेदाराकडे गेलं.

शिकवायला होती हेतल राऊत, पालघरची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची प्लॅनिंग इंजिनिअर. गेल्या वर्षीचं शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवणं, नऊ दिवसांचं ठरलं होतं, चौदा दिवस चाललं, इथूनच तिने सुरुवात केली. कोणी आळस केला नव्हता, पण पाइपांना रंग लागायच्या आधीच परांची सोडली गेली आणि ती पुन्हा बांधावी लागली. अशी बारा कामं तिने मोजून दाखवली. मग पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. एका चिठ्ठीवर एकच काम. त्याखाली त्याच्याआधी काय व्हायला हवं, वेळ किती आणि माणूस कोण. माणूस एकच, कारण ज्या कामापुढे दोन नावं ते कोणाचंच नसतं, असं ती म्हणाली.

कमलाकांतने लिहिलं : तीन नंबर कूलरचं झाकण उघडणे. आधीचं काम, लाइन रिकामी करणे. वेळ, चार तास. नावाची जागा त्याने कोरी ठेवली.

आणखी एक गोष्ट त्याने लिहिली नाही, स्वतःकडेच ठेवली. रसायन थंड करणाऱ्या त्या कूलरच्या झाकणाला चोवीस बोल्ट होते. समुद्राचा खारा वारा लागून ते वर्षभरात गंजून घट्ट बसत. शटडाऊनच्या तीन दिवस आधीपासून कमलाकांत फेरीला जाता जाता प्रत्येक नटावर तेल सोडायचा, दुसऱ्या दिवशी हलकेच ठोकायचा, पुन्हा तेल सोडायचा. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी हेतलने सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या आणि एकामागून एक होणारी कामं दोऱ्याने जोडली. सगळ्यात लांब दोरा कूलरच्या झाकणावरून जात होता. तिने समजावलं की बाकीच्या कामांना थोडी सवड आहे, या दोऱ्यातल्या कामांना नाही. इथे एक दिवस गेला की सगळ्यांचाच एक दिवस जातो.

मग ती कमलाकांतकडे वळली. “काका, जुन्या नोंदी पाहिल्या मी. झाकणाला दर वर्षी चार तास लागलेत. एकाच वर्षी दीड दिवस लागला, तेव्हा तुम्ही रजेवर होतात. असं का?”

“हाताची सवय,” तो म्हणाला.

तिने त्याच्या चिठ्ठीवर लाल प्रश्नचिन्ह काढलं, त्या चिठ्ठीपुढे एक कोरी चिठ्ठी लावली आणि हा दिवस राखीव म्हणून सांगितलं. नावाच्या जागी सगळ्यांसमोर ‘कमलाकांत तामोरे’ लिहिलं.

त्या प्रश्नचिन्हाने त्याचा आठवडा खाल्ला. ही मुलगी आपल्या रजा का शोधते? काम अडलं तर आपल्यावर ढकलायला नाव लिहिलं का? तिच्या गळ्यातला पास पिवळा आहे, म्हणजे कंत्राटी, आपल्यासारखा निळा नाही, हेही त्याने हेरलं. केदारला तर त्यातच सगळं कळलं. साहेबांना काहीतरी करून दाखवून तिला निळा पास मिळवायचा असणार.

घरी, समुद्रकाठच्या नवापूरला, त्याची बायको हंसा अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. “सांगू नको,” ती म्हणाली. “ज्याला सगळं सांगितलं, तो उद्या बाजारात आपल्याच बाजूला टोपली घेऊन बसतो.”

पाचव्या शनिवारी बाकीचे गेल्यावर तो हॉलमध्ये मागे थांबला. भिंतीवरचा हा कामांचा तक्ता कोण कोण बघणार, असं त्याने तिला सरळ विचारलं. साहेब बघतील, ती म्हणाली.

“आन ठेकेदार?”

“साहेब त्यालाही दाखवतील कदाचित. दाखवणार नाहीत असं मी सांगितलं तर ते खोटं होईल, काका.”

ती धीर देईल, गोड बोलेल, असं त्याला वाटलं होतं, आणि त्यावरचं उत्तर त्याने तयार ठेवलं होतं. ते इथे कामाचं नव्हतं. तो डबा उचलून निघाला.

शटडाऊन सोमवारी सुरू व्हायचं होतं, आणि झाकण पहिल्याच दिवशी उघडायचं होतं. शुक्रवारपासून तेल सोडायचं त्याच्या मनात होतं. पण गुरुवारी दुपारी मॅनेजरने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. विजेच्या लाइनचं काम निघालं होतं, शनिवारपासून वीज नसणार होती, म्हणून शटडाऊनही शनिवारीच सुरू करायचं. कोणाच्या कामात काही फरक पडतो का, असं तो एकेकाला विचारत गेला. केदार नाही म्हणाला. रंगवालाही नाही म्हणाला.

कमलाकांत भिंतीवरच्या दोऱ्याकडे बघत होता. हातात एकच दिवस उरत होता. गप्प बसलं तर बोल्ट तुटणार, मग गॅसने कापायचे, त्यासाठी आगीच्या कामाचं परमिट काढायचं, दीड दिवस गेलाच. दोष पान्यावर ढकलता आला असता. पण तो रजेवर होता त्या वर्षी असाच पाना सटकून एका माणसाचं मनगट मोडलं होतं.

“फरक पडंल,” तो म्हणाला, आणि त्याने तेलाचं सगळं सांगितलं.

“मग हे तक्त्यात का नाही?” मॅनेजरने विचारलं.

“मी लिवला नाय.”

“का?”

“लिवला असता तर तुमी मला ठेवला असता का?”

मॅनेजरने हेतलकडे पाहिलं. ती भिंतीकडे गेली होती. कूलरची चिठ्ठी काढून तिने तिसऱ्या दिवसावर लावली, टाक्यांची सफाई आधी घेतली, राखीव दिवसाची कोरी चिठ्ठी वापरून टाकली. मग विचारलं, “आज संध्याकाळपासून तेल लावलं तर पुरेल, काका?” पुरेल, तो म्हणाला, आणि तेलाचा डबा आणायला गेला.

तेवीस बोल्ट पान्याने सुटले, एक तुटला. गेल्या वर्षी चौदा दिवस गेले होते, या वेळी कारखाना दहाव्या दिवशी सुरू झाला.

दोन महिन्यांनी तो तक्ता खरोखरच ठेकेदाराकडे गेला. ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या मोबाइलवर कमलाकांतने तो स्वतः पाहिला. तेलाची ओळही त्यात होती. त्या दिवशी कमलाकांतने जेवणाचा डबा अर्धा तसाच घरी परत नेला.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. अठ्ठावीस वर्षांत असं पहिल्यांदाच. तेल लिहिलंय, पण कुठला नट दगा देतो ते लिहिलेलं नाही, असं तो म्हणाला. ठेकेदाराच्या तीन माणसांना मी शिकवतो, पण निवृत्तीपर्यंत तो कूलर माझ्या नावावर राहील असं लिहून द्या. मॅनेजर आधी हसला. आठवड्याने पत्र आलं. कमलाकांतने ते दोघांकडून वाचून घेतलं, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला.

हेतलला कंत्राटाचे आणखी अकरा महिने मिळाले, पास पिवळाच राहिला. एका रविवारी कमलाकांतने तिला घरी जेवायला बोलावलं. ती अंगणात बसून हंसाला विचारत राहिली की बोंबील किती दिवस वाळतात, आभाळ आलं तर काय करता, उचलायला माणसं किती लागतात. हंसाने जेवढ्यास तेवढी उत्तरं दिली, पण ताटात वाढायला हात आखडला नाही.

हेतलची रिक्षा बोईसरच्या रस्त्याला लागल्यावर हंसाने विचारलं, “ती कशाला आलती?”

“जेवायला.”

“तक्त्यात लिवायला तर नाय ना?”

“नाय वाटत,” तो म्हणाला.