मायाक्काची गिरकी

मंगळवेढ्याच्या कोरड्या माळावर सिद्धाप्पांची मेंढरं. ज्या घरात उन्हाळ्यात एका घागरीसाठी अर्धा दिवस जायचा, तिथली त्यांची लेक मायाक्का उजनीच्या पाण्यावर शिडाच्या होडीची शर्यत खेळते, हे मी तरी कुणाच्या सांगण्यावरून मानलं नसतं. जेऊरजवळच्या आमच्या नौका क्लबात ती स्वयंपाकाला आली होती. भाकऱ्या उरकल्या की धक्क्यावर येऊन बसायची. एक दिवस म्हणाली, "सर, मला बी बसू द्या की एकदा." चार वर्षांत ती आम्हा सगळ्यांच्या पुढं गेली.

यंदा जानेवारीतल्या स्पर्धेला तिचे वडील पहिल्यांदाच आले. मी वेळ नोंदवायला पंचांच्या बोटीत होतो. त्यांना शेजारी बसवून घेतलं.

दहाची शर्यत, पण वाराच नाही. बावीस होड्या जागच्या जागी. बारा वाजता झुळूक आली, शर्यत सुटली आणि मायाक्कानं आघाडी घेतली. शेवटची रेषा पन्नास हातांवर राहिली आणि वारा पडला. ठरलेल्या वेळेत एकही होडी रेषेपार गेली नाही तर शर्यत रद्द, असा नियम. मी घड्याळ बघत होतो, तिची होडी हलत नव्हती. वेळ संपली.

"मंजी आता समदं पयल्यापासनं?" सिद्धाप्पांनी विचारलं. "हिची काय चूक?"

"काहीच नाही."

वल्हं मारत आमच्या जवळून परत जाताना मायाक्का ओरडली, "पन्नास हात ऱ्हायलं हुतं, सर!" डोळे भरले होते तिचे.

दुपारी पुन्हा शर्यत सुटली. सगळे डावीकडं गेले, ही एकटीच उजव्या काठाकडं वळली. रागाच्या भरात चुकली, असं मला वाटलं. सिद्धाप्पा मात्र उभेच राहिले.

"त्या काठाला धूळ उठलीया, बगा. वारं तितं हाय. धूळ बगून वारं वळकायला मीच शिकवलं तिला."

तेवढ्यात तिचं शीड भरलं. होडी एका कुशीवर कलली, आणि तोल सावरायला पाय आत अडकवून मायाक्कानं सगळं अंग बाहेर पाण्यावर झोकून दिलं. सिद्धाप्पांनी माझा दंड घट्ट धरला. "आन् ह्ये कुणी शिकवलं?"

वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या बोयापाशी ती सगळ्यांच्या कितीतरी पुढं होती. वळताना होडीची मागची कड बोयाला निसटती घासली. दुर्बीण होती म्हणून मला दिसलं, बाकी कुणालाच नाही. बोयाला लागलं तर शिक्षा म्हणून होडीची एक पूर्ण गिरकी घ्यायची असते. मी शिटी तोंडाशी नेण्याआधीच तिनं होडी बाजूला घेतली आणि गर्रकन फिरवली. शिडातला वारा गेला. तो पुन्हा धरेपर्यंत चार होड्या पुढं निघून गेल्या. मायाक्का पाचवी आली. पदकं तिघांनाच.

गिरकीचं कारण मी सिद्धाप्पांना सांगितलं होतं. धक्क्यावर ते तिला म्हणाले, "कुणी बगितलं न्हवतं की गं."

"मला कळलं हुतं की, आबा," ती चिडूनच बोलली. "लई वंगाळ दिवस गेला." आणि शीड उतरवायला लागली.

सिद्धाप्पांनी चपला काढल्या आणि घोटाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. समोरचा काठ धूसर दिसत होता.

"त्या तितवर जाती व्हय ही? एकटी?"

"जाते," मी म्हणालो.

त्यांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला आणि मागं वळून शीड उतरवणाऱ्या लेकीकडं बघितलं.