जुन्या रायफलीचे गिऱ्हाईक

ती चौकशी मी अजून विसरलेलो नाही. ती मी केलेली नव्हती. आयुष्यभर पोलीस खात्यात दुसऱ्यांचे जबाब घेतले, आणि निवृत्तीनंतर परक्या देशात स्वतःचाच जबाब द्यायची पाळी आली. तोही घरच्या माणसाविरुद्ध. नोकरीतल्या प्रकरणांवर बोलायला लोक मला बोलावतात, पण मला खरे घाबरवले ते या एकाच प्रकरणाने.

तेव्हा मी जपानात, त्सुकुबाला, मुलीकडे राहायला गेलो होतो. जावई तिथे मातीवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. मोठ्या भूकंपात अणुभट्टीचा अपघात झाला आणि त्या भागात रानडुकराचे मांस खाणे बंद झाले. शिकारी घरी बसले, डुकरे शेतात उतरली. मातीचे नमुने गोळा करत शेतांतून हिंडता हिंडता जावई तिथल्या शेतकऱ्यांच्या शिकारी गटात ओढले गेले आणि रीतसर परवाना काढून त्यांनी शॉटगन घेतली. ज्या घरात अंडेसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडायचे, त्या घरातला मुलगा! त्यांच्या मातोश्रींना हे आजवर कोणी सांगितलेले नाही. मी इथे नावे टाळतोय त्याचे एक कारण तेही आहे.

जपानात दहा वर्षे शॉटगन नीट सांभाळली तरच रायफलीचा अर्ज करता येतो. जावयांची दहा वर्षे भरली होती. शहराबाहेरच्या बंदुकीच्या दुकानात एका म्हाताऱ्या शिकाऱ्याची जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल, म्हणजे चापाजवळची कडी खालीवर करून गोळी भरायची, विकायला आली होती.

"बाबा, तुम्हाला यातलं कळतं. तुम्हीही जा बघायला," मुलगी म्हणाली. मी चपला घालत असताना जवळ येऊन हळूच म्हणाली, "आणि काहीतरी खोट काढा हं."

मी हसलो. तेव्हा हसायला नको होते.

दुकानदाराने रायफल जाड कापडावर ठेवली. मी लिव्हर खालीवर करून बघितली, नळी उजेडाकडे धरली, दस्त्यावरून बोट फिरवले. एका जागी बारीक तडा होता. जावयांनी रायफलीला हात लावला नाही.

"एकदा खांद्याला तरी लावून बघा," मी म्हणालो.

"चांगलीच असेल, बाबा."

"हा तडा बघितलात का?"

"चालेल. घेऊन टाकू."

हा माणूस पुण्यात वाढलेला. भाताचा कुकर घ्यायचा तर तीन दुकाने पालथी घालणारा, विक्रेत्याला घाम फोडणारा आणि शेवटी 'विचार करून सांगतो' म्हणून परत येणारा. चोरबाजारातल्या कित्येक प्रकरणांत मी बघितले आहे, जुनी वस्तू घेणारा माणूस आधी तिच्यावर संशय घेतो. ज्याला वस्तू पुढे वापरायची असते तो ती उलटीपालटी करतो. ज्याने काहीच विचारले नाही, त्याला ती फार दिवस लागणार नसते. हे मनात आले आणि मी रायफल सोडून जावयांकडे बघू लागलो. पेन्शन सुरू झाली म्हणून पोलिसाचे नाक बंद होत नाही.

दुकानाने कागद दिले, पोलीस स्टेशनला अर्ज गेला. परवानगी आल्यावरच रायफल ताब्यात मिळणार होती. मधल्या काळात तिथले पोलीस बायकोला, शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना भेटून विचारतात. माणूस पितो का, चिडतो का, झोप नीट लागते का, घरात भांडणे आहेत का. हे ऐकून मला धीर आला. म्हटले, कोणीतरी बोलेल.

शेजारच्या इमारतीत एक मराठी इंजिनिअर राहत होता. त्याच्याकडे पोलीस जाऊन आल्यावर त्याचा मुलीला फोन आला. आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होता.

"वहिनी, काय रिपोर्ट दिलाय म्हणता! म्हटलं, आमचे सर म्हणजे देवमाणूस. कधी आवाज चढवत नाहीत. ऑफिसर एकदम खूश. सरांना सांगा, काळजी नको, अप्रूव्हल आलंच समजा."

लॅबमधल्या मराठी सहकाऱ्यानेही तेच केले. आपल्याकडे स्थळाची चौकशी करायला कोणी आले की शेजारी दुसरे काही सांगतच नाही. मुलगा चांगला आहे हो, घरचे सालस आहेत हो. आपल्या तोंडून कोणाचे मोडायला नको, झाकली मूठ सव्वा लाखाची. हा संस्कार इतका मुरलेला की समोरचा मुलगी द्यायला आला आहे की बंदूक, हे बघायचे भानच राहत नाही.

एका सकाळी पोहे करायला घेतले. फोडणीसाठी हिंगाची डबी उघडली तर आत एक लहान किल्ली. मुलगी तिथेच जळणारा आणि न जळणारा कचरा वेगळा करत बसली होती.

"ही कशाची गं?"

"सायकलची असेल."

"सायकलची किल्ली हिंगात ठेवतात?"

तिने हातातली कचऱ्याची पिशवी बाजूला ठेवली. मी गॅस बंद केला आणि तिच्याजवळ जमिनीवर बसलो. साक्षीदार बोलायच्या बेतात असला की आपण तोंड मिटायचे, एवढे मला नोकरीने शिकवले आहे. पण समोर स्वतःची लेक असली की ते किती अवघड जाते, हे तेव्हाच कळले.

"त्याचं काँट्रॅक्ट संपतंय, बाबा," ती म्हणाली. "पुढे वाढवणार नाहीत. जेवत नाही, बोलत नाही. एका रविवारी मी सामान घेऊन आले, तर बंदुकीचं कपाट उघडं, बंदूक मांडीवर आणि हा भिंतीकडे बघत बसलेला. म्हणाला, साफ करतोय. जवळ तेलाची बाटलीसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कोटातून किल्ली काढून घेतली."

"त्यांनी विचारलं नाही?"

"एकदाही नाही. मीही बोलले नाही. आणि आता तो दुसरी आणतोय. तिच्यासाठी वेगळं कपाटही मागवलंय."

मी हातातली पळी खाली ठेवली. "पोलिसांना हे सांग."

"आणि त्याची अब्रू? लॅबमध्ये कळलं तर उरलीसुरली आशाही जाईल. मी लक्ष ठेवते ना त्याच्यावर."

"दुसऱ्या कपाटाची किल्ली कोणत्या डबीत ठेवशील?"

मी ती किल्ली खिशात टाकली.

तरुण अधिकारी घरी आला, बूट दाराशी सरळ लावून आत बसला. जावयांना त्याने नम्रपणे बाहेर थांबायला सांगितले. आधी मुलीचा जबाब झाला. मला जपानी येत नाही, पण 'दाइजोबु', म्हणजे सगळे ठीक आहे, हे तिथे लहान पोरालाही कळते. ते तिने कितीदा तरी म्हटले. मग तो माझ्याकडे वळला. दुभाषी अर्थातच मुलगी.

"सांग त्यांना," मी म्हणालो, "या माणसाला रायफल देऊ नका. आहे ती बंदूकही घेऊन जा. माझ्या जावयांना डॉक्टरची गरज आहे, आणि हे मी त्यांच्या भल्यासाठी सांगतोय."

ती दोनचार शब्द बोलली. अधिकारी हसला, मान डोलावली आणि लिहू लागला. असला जबाब ऐकून कोणत्याही देशाचा पोलीस हसत नाही.

"तू काय सांगितलंस?"

"बाबा, प्लीज."

कपाटाची किल्ली फक्त परवानाधारकाने बाळगायची, ती कुठे आहे हे बायकोलाही कळता कामा नये, असा तिथला कडक नियम. मी खिशातून किल्ली काढून त्याच्या कागदावर ठेवली. खोलीत हिंगाचा वास सुटला. तिथले दुकानदार 'नाही' म्हणताना करतात तशी मी छातीसमोर दोन्ही हातांची फुली केली आणि त्यांच्याच तोंडून उचललेला, 'चालणार नाही' या अर्थाचा शब्द म्हणालो, "दामे."

त्याचे लिहिणे थांबले. त्याने मुलीला हळू आवाजात एकच प्रश्न विचारला. तिने किल्लीकडे बघितले. मग "हाय" म्हणाली, म्हणजे हो, आणि ओढणीत तोंड लपवून रडू लागली.

शॉटगन त्याच दिवशी पोलिसांनी ताब्यात घेतली, जावयांनी अर्ज मागे घेतला. एक वयस्क महिला अधिकारी दोनदा घरी आली, तिने डॉक्टरची गाठ घालून दिली. जावयांनी हे सगळे निमूटपणे केले. मुलगी मात्र माझ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची आणि आत जायची. मी विमानाचे तिकीट अलीकडे घेता येते का ते बघू लागलो. आपण बरोबर केले की घर मोडले, या काळजीने अन्न गोड लागत नव्हते.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच, की एखाद्याबद्दल चांगले बोलणे आणि त्याचे भले चिंतणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक लोक पहिली करून दुसरी झाली असे समजतात. हे मला कळले, पण ते किती खरे आहे हे जावयांनी सांगितले.

बंदुकीचे रिकामे लोखंडी कपाट मोठ्या वस्तूंच्या कचऱ्यात द्यायचे होते. आम्ही दोघे ते धरून जिना उतरत होतो. मधल्या वळणावर ते थांबले, कपाट टेकवले.

"बाबा, किल्ली तिच्याकडे आहे हे मला माहीत होतं."

"मग मागितली का नाही?"

"मागितली असती तर तिने दिली असती." ते दम खात राहिले. "पोलीस ज्याच्या घरी जायचे त्याचा मला फोन यायचा. सर, चांगलंच सांगितलंय हं. दर फोनला वाटायचं, निदान हा तरी म्हणेल, की तुमचं काहीतरी बिनसलंय, मी तसं सांगून टाकलं."

मी कपाटाची माझी बाजू घट्ट धरून उभा होतो.

"कोणीच म्हणालं नाही, बाबा. सगळ्यांनी मला पास केलं."