हाडातला ब्रेक

हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपी करणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. पेशंट समोर तासभर पाय लांब करून बसलेला असतो, परतीच्या बसला वेळ असतो. बोलणार नाही तर काय करणार? परभणीत इतकी वर्षं काढली, आता मैत्रिणी भेटल्या की आधी विचारतात, "आज कुणाचं हाड?"

आमच्या डॉक्टर सरांना एक नाद आहे. ऑपरेशन झालं की पेशंटला हाडाचं विज्ञान सांगायचं. "हाडाच्या आत पेशी बसलेल्या असतात. वजन आलं की त्यांना ते जाणवतं. मग नवं हाड बांधणाऱ्या पेशींवर धरून ठेवलेला ब्रेक त्या सोडतात. वजनच नाही आलं, तर ब्रेक तसाच."

एका एसटी ड्रायव्हरला हे लय पटलं. "म्हंजी माझी गाडी हँडब्रेकवर उभी हाय, साहेब." पुढच्या वेळी आला तो पाय सुजवूनच. वॉकर घरी ठेवून बसस्टँडपर्यंत चालत गेला होता.

सर म्हणाले, "ब्रेक सोडा म्हटलं होतं. टॉप गिअर टाका नव्हतं म्हटलं."

वालूरची एक आजी मनगट मोडून आली. हाडं पार विरलेली. मुलगा कौतुकानं सांगत होता, "आईला काडी उचलू देत न्हाई आमी. पाणीबी हातात."

सरांनी त्याला तेच ब्रेकचं सांगितलं.  तो हळूच म्हणाला, "म्हंजी आमी माया केली, तेच चुकलं का?"

 उत्तर आजीनंच दिलं. "माया कर रं. पर मला बाजारला जाऊ दे."

आणि सोनपेठकडची सुमन. दरवर्षी ऊसतोडीला जाणारी; पावसाळ्यात गावाकडेच ट्रॉलीवरून पडली, नडगीत रॉड घातला. नवरा सोबत यायचा. "दिवाळी झाली की टोळीची गाडी निघती. नवराबायकोची जोडी लागती, एकट्याला मुकादम घेत न्हाई. पोरगीबी येती, तिथल्या झोपडीत, कोपीवर सैपाकाला."

पोरगी दहावीला होती. मी विचारलं, "आणि तिची शाळा?"

"गाडी निघाली की सुटती," नवरा म्हणाला. सुमननं सरांना विचारलं, "पाय टेकवलाच न्हाई, तर हाड जुळत न्हाई का?"

"जुळतं, पण फार उशिरा."

तिनं मान हलवली. त्यानंतर ती दर वेळी यायची, पण पाय काही जमिनीला लावायची नाही. मी समजावलं, रागावले, आधार दिला. "दुखतंय म्याडम," एवढंच. एक्स-रे जिथल्या तिथं. सरही काळजीत पडले. पुन्हा ऑपरेशन करावं लागतं की काय, म्हणाले.

दिवाळीनंतर ती आली ती पोरीला घेऊन. पोरगी शाळेच्या ड्रेसात. मी सवयीनं वॉकर पुढे केला. सुमननं तो हातानं बाजूला सारला, पोरीच्या खांद्याला धरलं आणि मोडलेला पाय सबंध फरशीवर टेकवला. ओठ आवळून दुसरं पाऊल टाकलं.

"अगं, दुखत नाही का?"

"दुखतंय की."

"मग आजच कसं काय?"

"परवा टोळीची गाडी गेली, म्याडम."