काळं कुंकू आणि बारा वाघिणी

"पुरावा काय?"

आमच्या शेजारच्या गृहस्थांना कोणी काहीही सांगितलं की ते आधी हेच विचारायचे. आज फार उकडतंय म्हटलं तरी, पुरावा काय? एकदा मी म्हटलं, "चहात आलं घातलंय हो." तर त्यांनी एक डोळा मिटून कपात बघितलं, आल्याचा एक तंतू बोटावर काढला आणि मग कुठे "हां, आहे" म्हणून चहा प्यायले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण आमचे हे गृहस्थ त्या सगळ्यांच्या चार पावलं पुढे होते.

दुबईजवळ अजमानला आम्ही ज्या बिल्डिंगमध्ये राहतो, तिथेच आमच्या मजल्यावर एका खोलीत ते एकटेच असत. मूळचे राजापूरकडचे. एका यार्डात वेल्डिंग तपासायची नोकरी. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या जोडांमध्ये चुका शोधायच्या, हेच काम. त्यामुळे स्वभावाला दोष तरी कसा द्यायचा?

ओळख झाली ती लिफ्टमध्ये. त्यांच्या हातात हुक्क्याच्या कोळशाचं पाकीट. मी मेली बोलकी, मला कुठे राहवतंय!

"अहो भाऊ, तुम्ही हुक्का ओढता?"

"छे हो वहिनी. भरायचाय."

"काय भरायचंय?"

"कोळसा. वाघिणींत."

आता मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे मला ठाऊक होतं, माझे काका रेल्वेत होते. पण आमच्या बिल्डिंगीखाली एक किराणा दुकान, एक इस्त्रीवाला आणि एक हुक्क्याचं दुकान. वाघीण कुठून येणार? म्हणून गेले बघायला.

खोलीत एक खाट, एक पंखा आणि भिंतीवरच्या फळीवर बारा वाघिणी. एकेक माझ्या तळहातावर मावेल एवढी. विलायतेतली, शंभर वर्षांच्याही पूर्वीची मालगाडी. चाकं, साखळ्या, दारं, दारांच्या बिजागऱ्या, सगळं हातानं केलेलं. हुक्क्याचा कोळसा खलबत्त्यात कुटून, चाळणीनं चाळून आत भरत होते.

"तुम्ही विलायतेला होता का?"

"कधीच नाही."

"मग हे खूळ कुठून?"

"पहिल्या साईटवर एक गोरा साहेब होता. जाताना एक पुस्तक टाकून गेला. त्यात फोटो होता हा." त्यांनी दाखवला. रुळांवर उभ्या बारा वाघिणी. बस्स, माणूस नाही की काणूस नाही. "कॅम्पात वाचायला दुसरं काही नव्हतं वहिनी."

बघा म्हणजे! त्या साहेबानं पाकशास्त्राचं पुस्तक टाकलं असतं तर आज आम्ही सगळे जेवलो तरी असतो.

ह्या फोटोपायी त्यांनी विलायतेतला एक म्हातारा गाठला होता, ईमेलवर. तोही असलाच, वाघिणींचा नादी. दोघांचा दोन महिने एका ठिपक्यावर वाद चालला होता. फोटोत तिसऱ्या वाघिणीच्या दारावर चौदा खिळे दिसत. बाकी सगळ्या दारांवर तेरा. मग हा चौदावा कसला? दुरुस्ती झाली होती का? अपघात? ह्यांनी तर चौदावा खिळा ठोकूनसुद्धा टाकला. शेवटी त्या म्हाताऱ्यानं आपल्याकडची त्याच पुस्तकाची प्रत उघडून बघितली, तर तिच्यात तेराच. आमच्या भाऊंच्या पुस्तकावर माशी बसून गेली होती.

"खलास," ते मला दारात येऊन म्हणाले. "माशी निघाली." आणि खिळा काढायला गेले. तोंड अगदी सुतकात असल्यासारखं.

पण खरं सुतक पुढेच आलं. जूनमध्ये त्यांची नोकरी संपणार होती, व्हिसाही. तिकीट निघालं होतं. त्याआधी गाडी पुरी करायची, एवढी एकच हौस. आणि गाडी झालीही होती. बाराच्या बारा वाघिणी राखाडी रंगानं रंगवून तयार. तेवढ्यात म्हाताऱ्याचा ईमेल आला. त्या कंपनीचा जुना कागद हाती लागलाय, त्यात लिहिलंय की त्या काळी वाघिणींना लाल रंग देत, राखाडी मागाहून आला. पण फोटोत तर त्या काळपट दिसतात. कागद खरा की फोटो? मला काही समजत नाही, असं त्यानंच लिहिलेलं.

दोन दिवस भाऊ जेवले नाहीत. मी आमटी-भाताचं ताट घेऊन गेले, तर भिंग लावून फोटोपुढे बसलेले. जबरदस्तीनं आमच्या घरी आणलं. हे, म्हणजे आमचे यजमान, टीव्ही बघत होते. म्हणाले, "अहो, लाल काय अन् काळी काय! बघायला येतंय कोण?"

"मी बघतो ना," भाऊ म्हणाले.

मी ताट वाढलं. भाऊ घास हातात धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. तिथे आमच्या सासूबाईंचा फोटो आहे, जुना, तालुक्याच्या फोटोवाल्यानं काढलेला. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"वहिनी, ह्या काळं कुंकू लावायच्या?"

"काहीतरीच काय बोलता! लालभडक पिंजर असायची. जुन्या फोटोंत कुंकू काळंच येतं. माझ्या आईचं बघा, आजीचं बघा. लाल तेवढं सगळं काळं."

भाऊंनी घास ताटात ठेवला. खुर्चीवर चढले, एक डोळा मिटून सासूबाईंच्या कपाळाला नाक लावलं. आमच्या सासूबाईंच्या इतक्या जवळ जायची मामंजींचीही छाती नव्हती.

"म्हणजे फोटोत काळी दिसते," ते हळूच म्हणाले, "म्हणून वाघीण लाल नव्हती असं नाही होत."

सासूबाईंचा फोटो विलायतेला गेला. ज्या बाईनं कऱ्हाडच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही, ती निघाली वाघिणींची साक्ष द्यायला! तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. म्हाताऱ्यानं विचारलं होतं, ह्या बाईंच्या कपाळावरची खूण लाल होती, ह्याला आधार काय?

"बरोबर विचारलंय," भाऊ म्हणाले. म्हटलं, जमली जोडी.

मग मी कपाटातून सासूबाईंचा करंडा काढला. तळाशी त्यांची पिंजर अजून होती. करंडा फोटोशेजारी धरून भाऊंनी मोबाईलवर रंगीत फोटो काढला आणि पाठवून दिला. त्यावर आलेलं उत्तर त्यांनी मला मराठीत करून सांगितलं, "मान्य आहे. बाईंना माझा आदरपूर्वक नमस्कार कळवावा." मी तो सासूबाईंना कळवला, भिंतीसमोर उभं राहून. जन्मात एकदाही माझी बाजू घेतली नाही त्यांनी, पण भाऊंची घेतली.

आता नऊ दिवस राहिले होते आणि बारा वाघिणी. प्रत्येकीचा जुना रंग खरवडायचा, कोळसा उपसायचा, पुन्हा दोन हात द्यायचे. रंग भाऊंनी तीन डबे एकत्र करून स्वतः जमवलेला. तो विमानात नेता येत नाही, आणि गावी जाऊन हुबेहूब तसाच पुन्हा जमेल ह्याची खात्री नाही. म्हणजे जे व्हायचं ते अजमानातच.

निघायच्या आदल्या दिवशी दहा झाल्या होत्या. हे म्हणाले, "दोन राहू द्या राखाडी. लाल जाऊन राखाडी येताना काही मिसळल्या असतीलच की! उलट जास्त खरं दिसेल." मला पटलं हो. भाऊंनाही मोह झाला असावा, कारण ब्रश थांबला.

मग म्हणाले, "असेलही. पण मला सोयीचं आहे म्हणून ते खरं होत नाही." आणि अकरावी उचलली.

बारावीचा शेवटचा हात दुसऱ्या दिवशी दुपारी लागला, तोही आमच्या गाडीत, शारजाच्या विमानतळाच्या वाटेवर. भाऊ मागच्या सीटवर, मांडीवर वर्तमानपत्र, तळहातावर वाघीण. रंग वाळावा म्हणून काचा खाली. बाहेर पंचेचाळीस डिग्री, गरम हवा भट्टीसारखी तोंडावर. हे एसीसाठी कळवळत होते. मी पदरानं घाम पुसत भाऊंना म्हटलं, "हा उन्हाळा त्या कंपनीला मिळाला असता, तर गाड्या तासात रंगून निघाल्या असत्या!"

"पाऊस असायचा तिकडे," भाऊ गंभीरपणे म्हणाले. "शेडमध्ये रंगवत."

तरी ओलीच राहिली. विमानतळाच्या दारात पोलीस "यल्ला, यल्ला" करत गाड्या पुढे काढत होता. अकरा वाघिणी कापसात गुंडाळून खांद्यावरच्या पिशवीत, एका हातात बॅग, पासपोर्ट दातांत, आणि बारावी उघड्या तळहातावर. निरांजन विझू नये म्हणून जपून चालावं, तसे ते चालले होते. बावीस वर्षं राहिलेला माणूस निघाला, आणि तोंड बंद, हात जोडता येईनात. दाराशी पोचल्यावर वळले. काय करावं सुचेना, मग तो तळहातच आमच्याकडे थोडा उंच केला. लाल रंग उन्हात चकाकला.

आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं, मागून हॉर्न वाजत असताना, त्या वाघिणीला हात हलवत उभी राहिलो.