पिस्तूल कुणाचं सरळ?

चार माणसं, चार जुनी एअर पिस्तुलं आणि रविवारची सकाळ. एवढं जमलं की किस्से शोधावे लागत नाहीत, उलट कुठला आधी सांगायचा यावरून भांडणं होतात! वकीलसाहेबांचं जिंतूर रोडला कापसाचं गोडाऊन आहे. हंगाम संपला की ते रिकामंच. तिथं दहा मीटरवर लाकडी फळी उभी करायची, तिच्यावर कागदी टार्गेट चिकटवायचं आणि कुणाचं पिस्तूल जास्त नीट मारतं ते बघायचं, हा आमचा उद्योग. सगळी स्प्रिंगची, आमच्यापैकी काहींपेक्षा वयानं मोठी. मंडळी म्हणजे वकीलसाहेब, पोखर्णीचा नरहरी, पाथरीहून एसटीनं येणारे एक रिटायर्ड क्रीडाशिक्षक, ज्यांना आम्ही नुसतं ‘सर’ म्हणतो, आणि मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेला मी. माझ्या पिस्तुलाचा विषय नको!

*

सुरुवातीला प्रत्येक जण आपलंच पिस्तूल चालवायचा. छर्रा हुकला की “वारं आलं!” बंद गोडाऊनमध्ये कुठलं वारं? शेवटी वकीलसाहेबांनी कायदा केला. आपलं पिस्तूल आपण मारायचं नाही. दुसऱ्यानं मारायचं, मालकानं हात मागं बांधून बघायचं. सर आमच्यात आले ते हा कायदा झाल्यावर.

पहिल्या रविवारी नरहरीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणाला, “लेकराला पहिल्यांदा शाळेत सोडल्यावानी वाटायलंय!”

*

वकीलसाहेबांचं पिस्तूल जर्मन. एकदा मी त्यातून पाच छर्रे मारले. टार्गेट बघतो तर मधोमध एकच भोक.

“एक लागला. बाकीचे चार कुठं घातलेस? माझ्या पिस्तुलाची बदनामी करतोस का?” वकीलसाहेब तापले. टॉर्च घेऊन मागची सगळी भिंत धुंडाळली. कुठंच खूण नाही. तेवढ्यात नरहरीनं चाकूनं फळीतलं भोक कोरलं. एक छर्रा निघाला. त्याच्यामागं दुसरा. मग तिसरा. पाचही एकावर एक बसलेले!

वकीलसाहेबांनी पिस्तुलाला हात जोडले आणि म्हणाले, “माफ कर बाबा.”

*

नरहरीचं पिस्तूल इंग्लिश. त्याच्या आतला चामड्याचा वायसर वाळला होता, म्हणून यानं त्याला घरचं करडईचं तेल पाजलं. ते पण सढळ हातानं! पहिल्याच छर्ऱ्याला नळीतून निळा धूर निघाला आणि सगळ्या गोडाऊनभर तळणीचा वास. आम्हाला चहा घेऊन आलेल्या वकिलीणबाईंनी दारातूनच विचारलं, “भजी कोण तळायलंय?”

आम्ही हसतोय तोवर सरांनी टार्गेट आणलं. पाचही भोकं एकमेकांना चिकटलेली. फक्त मधल्या काळ्या गोलाच्या वर, उजवीकडं. जर्मनला घाम फुटेल असा भोकांचा ग्रुप, आणि तो करडईच्या तेलावर!

*

ग्रुप वर उजवीकडं का गेला, हे आम्ही नरहरीला विचारलं नाही. कारण त्या दिवशी मारणारे सर होते. सरांच्या हातात कुणाचंही पिस्तूल द्या, छर्रे वर उजवीकडंच जाणार. आणि सरांचं पिस्तूल आम्ही कुणीही मारलं तरी खाली डावीकडं!

थोडक्यात, सरांचा नेमही गेलेला आणि पिस्तूलही वाया गेलेलं, असं आमचं ठरून गेलं होतं. तोंडावर कुणी बोलत नव्हतं एवढंच. पण सरांना कळत होतं. त्यांनी आयुष्यभर पोरांना नेमबाजी शिकवली, ती याच पिस्तुलावर. एका रविवारी ते एसटीतून उतरून आले ते थेट वकीलसाहेबांपुढं उभे राहिले.

“आज फैसला करा. माझं पिस्तूल वाकडं निघालं तर मी परत यायचा न्हाई. इतक्या पोरांला मी काय शिकवलं मग?”

माणसाच्या हाताचा दोष नको म्हणून नरहरीनं सुताराकडून लोखंडी शिकंजा आणला, लाकूड आवळून धरतात तो. आधी जर्मन त्यात बसवलं, नेम मधोमध लावला, मारलं. छर्रा मधोमध. मग सरांचं. नेम तसाच मधोमध. छर्रा खाली, डावीकडं. पुन्हा मारलं. पुन्हा तिथंच. नेम इकडं-तिकडं सरकवायचा मागच्या साइटचा स्क्रू गंजून कधीचाच जाम झाला होता.

सर पिस्तूल कापडात गुंडाळायला लागले. मला फार वाईट वाटलं.

नरहरीला राहवलं नाही. “सर, जायच्या आधी एकदा तुमच्या हातानं मारा.”

“नियम हाय की.”

“नियम गेला चुलीत!” हे खुद्द वकीलसाहेब म्हणाले.

सरांनी कापड सोडलं. उभे राहिले, हात लांब केला आणि सावकाश पाच छर्रे मारले. नरहरी फळीपाशी गेला आणि तिथंच खाली बसला. पाचही काळ्या गोलाच्या बरोबर मधोमध!

वकीलसाहेबांनी आपलं जर्मन सरांच्या हातात दिलं. सरांनी त्यातूनही पाच मारले. पाचही वर, उजवीकडं.

सरांनी जर्मन उलटंपालटं करून बघितलं, नळीवरून बोट फिरवलं आणि अगदी मायेनं वकीलसाहेबांना परत दिलं.

“साहेब, वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले, “पण तुमचं लय वाकडं हाय.”